स्टेटस, जमाव आणि ठाण्यातली पहिली रात्र

खानदेशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. रात्री साडेदहा-अकराला कुणाचं तरी स्टेटस फिरायला लागतं. अर्ध्या-पाऊण तासात ठाण्यासमोर शे-दीडशे पोरं जमतात आणि ठाणे अंमलदारापुढे एकच मागणी येते: आत्ताच्या आत्ता गुन्हा दाखल करा, आत्ताच्या आत्ता त्याला उचला. गाव जळगाव जिल्ह्यातलं असो, धुळ्यातलं असो की नंदुरबारमधलं, त्या रात्री तीन-चार तासांत ठाण्यात जे लिहिलं जातं त्यावर एका पोराची पुढची काही वर्षं ठरतात आणि बऱ्याचदा गावाची शांतताही. म्हणून ही पहिली रात्र नीट समजून घ्यायला हवी. फिर्याद द्यायला जाणाऱ्याने, ज्याच्यावर फिर्याद होते त्याने आणि खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्यानेही.

माझं म्हणणं सरळ आहे. गुन्हा आहे की नाही हे पोस्ट वाचून ठरतं, गर्दी बघून ठरत नाही. गर्दी हा बंदोबस्ताचा विषय आहे. ही दोन कामं एकाच वेळी समोर येतात, पण ती वेगळी ठेवता आली पाहिजेत. अनुभवी पीआय (पोलीस निरीक्षक) काय करतो? पहिला फोन उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला, दुसरा जादा कुमकेसाठी. जमावातल्या चार-पाच जाणत्या माणसांना आत घेतो, बाकीच्यांना गेटच्या बाहेर थांबवतो, आणि विचारतो, "पोस्ट स्वतःच्या फोनवर कोणी पाहिली?" बहुतेक वेळा या प्रश्नाला उत्तर नसतं. प्रत्येकाला ती कुठल्या तरी ग्रुपवरून आलेली असते, तीही स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट. चाळीस सह्यांच्या 'समस्त समाजबांधव' छापाच्या निवेदनावर गुन्हा उभा करायचा म्हटला, तर कोर्टात पहिल्याच उलटतपासात तो कोसळतो. फिर्यादी एकच हवा, आणि त्याने मूळ पोस्ट स्वतः पाहिलेली हवी.

आता कलमं. २०१५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात आयटी कायद्याचं ६६ अ, म्हणजे ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं कलम, रद्द केलं. त्या खटल्यामागे पालघरची घटना होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यावरून दोन तरुणींना अटक झाली होती. तेव्हापासून 'आक्षेपार्ह' या शब्दावर उभा असलेला गुन्हाच उरलेला नाही. बातम्यांत आणि पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये 'आक्षेपार्ह पोस्ट' असं सर्रास लिहिलं जातं, पण त्यासाठी कलम नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मुख्यतः तीन कलमं वापरली जातात: १९६, २९९ आणि ३५३ ची उपकलमं. दोन समाजांत वैर वाढवणं हे १९६. धर्माचा अपमान जाणूनबुजून, दुष्ट हेतूने करणं हे २९९. खोटी बातमी किंवा अफवा पसरवून समाजासमाजांत द्वेष पेटवणं हे ३५३(२). तिन्ही दखलपात्र (म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवून तपास करू शकतात), तिन्ही अजामीनपात्र, साधारणपणे तिन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

या तिन्हींत हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. धोनीला मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्यावरून झालेली कारवाई सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली, कारण दुष्ट हेतू दिसत नव्हता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने व्हॉट्सअॅप स्टेटसवर ५ ऑगस्टला काळा दिवस म्हटलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. त्याच्यावरचा गुन्हा मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि भाषणस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांना शिकवण्याची वेळ आली आहे, अशा अर्थाचं मतही नोंदवलं. बोललेल्या शब्दाचं माप कोणत्या माणसाच्या मनाने घ्यायचं? याची कसोटी स्वातंत्र्याच्या आधी नागपूरच्या उच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी घालून दिलेली आहे: समजूतदार, खंबीर, धीट माणूस. प्रत्येक गोष्टीत धोका बघणारा, डळमळीत मनाचा माणूस नव्हे.

आमदाराला, मंत्र्याला, सरपंचाला शिव्या घालणारी पोस्ट ही तर वेगळीच बाब. तिच्यात दोन समाज येतच नाहीत. बदनामी वाटत असेल तर ३५६, पण ते अदखलपात्र आहे. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यासमोर तक्रार करायची, कार्यकर्त्याने ठाण्यात जाऊन नव्हे. नुसती शिवीगाळ असेल तर ३५२, तेही अदखलपात्र. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवायची, फिर्यादीला तिची प्रत द्यायची, कोर्टात जा म्हणून सांगायचं. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय एनसीचा तपास करता येत नाही. इथेच गडबड होते. नेत्याचे कार्यकर्ते गर्दी करून आले की एनसीच्या मजकुराला १९६ चिकटवलं जातं, म्हणजे गुन्हा दखलपात्र होतो आणि पोराला रात्रीच उचलता येतं.

अधिकाऱ्याच्या हातात यावर कायद्यानेच दिलेला मार्ग आहे, आणि तो खानदेशात काय किंवा बाकी महाराष्ट्रात काय, फार कमी वापरला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम १७३(३). तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा सांगितला जात असेल, तर डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते: प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का, एवढ्यापुरती. वरची तिन्ही कलमं बरोबर या पट्ट्यात बसतात. खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर जामनगरात एका कवितेच्या व्हिडिओवरून गुन्हा नोंदवला गेला होता. २८ मार्च २०२५ रोजी तो रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा गुन्ह्यांत हा चौकशीचा मार्ग धरणंच योग्य. म्हणजे रात्री जमाव समोर असताना "चौकशी सुरू करतोय, डीवायएसपी साहेबांची परवानगी घेतलीय, १४ दिवसांच्या आत निर्णय लेखी देतो" असं अधिकारी ठामपणे सांगू शकतो. स्टेशन डायरीला नोंद, अर्जाला आवक क्रमांक, फिर्यादीला पोच. मग हा मार्ग का टाळला जातो? कारण गुन्हा नोंदवला की गर्दी पांगते आणि चौकशी म्हटलं की गर्दी भडकते, असा समज आहे. पण नोंदवलेल्या गुन्ह्यानंतरही त्या गर्दीची पुढची मागणी अटकेची असते, तिच्यापुढची धिंड काढण्याची. एकदा माघार घेतली की कुठे थांबायचं ते अधिकाऱ्याच्या हातात राहत नाही.

यात एक अपवाद ठळक लक्षात ठेवावा. पोस्ट अनुसूचित जाती-जमातीच्या कुणाविरुद्ध असेल आणि अॅट्रॉसिटी कायद्याखाली येत असेल, तर त्या कायद्याच्या १८ अ प्रमाणे गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशीची गरज नाही, आणि तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याकडेच जातो. शिरपूर, अक्कलकुवा, धडगाव, चोपडा, यावल या आदिवासी पट्ट्यात हे दर वेळी आधी तपासलं पाहिजे. "चौकशी करतो" म्हणून इथे टोलवाटोलवी चालत नाही.

आता पुरावा. इथे सगळ्यात जास्त माती होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठाण्यात पोराला बसवलं की पहिलं वाक्य ऐकू येतं ते "आधी डिलीट कर." पोस्ट त्याच्या हातून, अधिकाऱ्यासमोर पुसली जाते. यात फिर्यादीचा पुरावा जातो, आणि आरोपीचाही जातो: वरची ओळ काय होती, खाली कोणाशी काय वाद चालला होता, पोस्ट त्याची होती की दुसऱ्याची शेअर केलेली होती. आधी जतन, मग काढणं. जतन म्हणजे काय? फेसबुक किंवा इन्स्टाग्राम असेल तर नुसता फोटो पुरत नाही. पोस्टची पूर्ण लिंक, प्रोफाइलची लिंक, युजरनेम, दिसणारी वेळ आणि तारीख, हे सगळं पंचांसमोर स्क्रीन रेकॉर्ड करून पंचनाम्यात उतरवायचं. वर दिसणारं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो. ओळख लिंकमधून पटते. मेटा कंपनीला पोलिसांच्या पोर्टलवरून जतन करण्याची विनंती त्याच रात्री पाठवता येते. ती आली की कंपनी खात्याची माहिती ९० दिवस राखून ठेवते, तेवढ्यात रीतसर मागणी गेली पाहिजे.

व्हॉट्सअॅपचं गणित वेगळं. स्टेटस २४ तासांत जातं. मेसेजचा मजकूर कंपनी देऊ शकत नाही, तो फक्त फोनमध्ये असतो. म्हणून ज्याने मूळ स्टेटस पाहिलं त्याचा फोन, त्यात सेव्ह असलेला नंबर आणि स्टेटस उघडं असतानाचं रेकॉर्डिंग, एवढंच हाती असतं. ते त्या रात्री घेतलं नाही तर नंतर काहीच मिळत नाही.

कंपनीकडून आयपी अॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) येतो तेव्हा दोन चुका हटकून होतात. एक वेळेची. मेटाचा तपशील यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळेत येतो, त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. १२ तारखेला रात्री १२ वाजून १० मिनिटांनी टाकलेली पोस्ट कंपनीच्या कागदावर ११ तारखेच्या १८.४० ला दिसते. तारीखच बदलते. मोबाइल कंपनीला चुकीची वेळ कळवली की तिथून भलत्याच ग्राहकाचं नाव येतं. दुसरी चूक पोर्ट नंबरची. मोबाइल इंटरनेटवर एकच आयपी एका वेळी असंख्य ग्राहक वापरत असतात, त्यामुळे पोर्ट नंबर आणि सेकंदापर्यंतची वेळ दिल्याशिवाय एक माणूस वेगळा काढता येत नाही. बनावट खात्यांच्या प्रकरणांत निष्पाप माणसाच्या दारात गाडी जाते ती बहुतेक वेळा यामुळे. आणि प्रोफाइलवर ज्याचं नाव-फोटो आहे त्यालाच उचलणं ही तर त्याहून मोठी चूक. गावातल्या भाऊबंदकीत, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरोधकाच्या नावाने खातं उघडून घाण टाकणं मुळीच अवघड नाही.

फोन जप्त करताना आयएमइआय नंबर, सिम नंबर, फोन चालू होता की बंद, हे जप्ती पंचनाम्यात यायला हवं, जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, फोन सीलबंद व्हायला हवा. सील न करता रायटरच्या (ठाण्यातल्या लेखनिकाच्या) ड्रॉवरमध्ये आठवडाभर पडलेल्या फोनमधून निघालेला पुरावा कोर्टात टिकत नाही, आणि टिकूही नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग असतात: एक देणाऱ्याचा, एक तज्ज्ञाचा. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लिहायची असते. प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ ब बद्दल जालन्याच्या निवडणुकीच्या खटल्यात २०२० सालीच पक्कं केलं आहे. आयटी कायद्याचं कलम लावलं असेल तर आणखी एक पथ्य: कलम ७८ प्रमाणे त्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. पीएसआयने केलेल्या अशा तपासावर बचावाचा वकील पहिलं बोट इथेच ठेवतो.

आणि भाषा. अहिराणी, लेवागणी, भिली, पावरी बोलीतल्या रीलवर गुन्हा नोंदवताना मजकूर आधी त्याच बोलीत, जसाच्या तसा उतरवला पाहिजे, आणि तो ती बोली रोज बोलणाऱ्याकडून. बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या अधिकाऱ्याने ऐकून केलेला प्रमाण मराठी सारांश फिर्यादीत गेला, तर मूळ शब्द फायलीत कुठेच राहत नाहीत. खानदेशात जी गंमत किंवा घरातली शिवी असते, तिची कागदावर धमकी होऊन जाते.

अटकेचं काय? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा शेवटचा उपाय आहे, हे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून ठरलेलं आहे. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस. ती हातात द्यायची असते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहत असेल तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक नाही. अटक केलीच तर कारणं लेखी आणि त्याला कळतील अशा भाषेत द्यावी लागतात, हे नोव्हेंबर २०२५ पासून सगळ्या गुन्ह्यांना लागू आहे. सातपुड्यातल्या पावरी बोलणाऱ्या पोराला इंग्रजी छापील फॉर्म देऊन ही अट पुरी होत नाही. हात जोडून माफी मागतानाचा व्हिडिओ ठाण्यात काढून सोशल मीडियावर सोडायचा, याला तर कसलाच कायदेशीर आधार नाही. तो व्हिडिओ त्या पोराचं नोकरी-लग्न सगळं खाऊन बसतो, गुन्ह्याचा निकाल लागण्याच्या किती तरी आधी.

स्टेटस ठेवणारा अठराच्या आतला असेल, आणि अशी पोरं खूप असतात, तर मार्गच वेगळा. या तीन वर्षांच्या कलमांना बाल न्याय कायद्यात किरकोळ गुन्हा धरतात. एकट्या मुलावर एफआयआर करायचा नसतो. डायरीला नोंद, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल, बाल न्याय मंडळाला कळवणं. लॉकअप नाही, बेडी नाही, नाव-फोटो कुठेही नाही. त्या रात्री वय विचारणं, दाखला मागवणं हे पहिलं काम. चेहऱ्यावरून वय ठरवू नये.

सणांच्या आधी ग्रुप अॅडमिनना नोटिसा निघतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४९ च्या, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ च्या. ती समज आहे, गुन्हा नाही. घेतल्याची सही केली म्हणजे कबुली होत नाही. सदस्याने टाकलेल्या पोस्टबद्दल अॅडमिनला, त्याचा त्यात हात असल्याशिवाय, जबाबदार धरता येत नाही, असं नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं. तरी अॅडमिनने मिरवणुकीच्या दोन दिवसांत 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतात' ही सेटिंग लावावी. दहा सेकंदांचं काम आहे.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी सगळंच सोडून द्या म्हणतोय. तसं अजिबात नाही. खानदेशाने याची दुसरी बाजू साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पाहिली आहे. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा मेसेजनी भरलेले फोन, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ते मेसेज कुणाचं मत नव्हते, खोटी माहिती होती, आणि ती आठवडेच्या आठवडे फिरत होती. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळीच्या प्रकरणात प्रत्येक जिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला आणि असे मेसेज पसरवणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाचवर आणली तीही त्याच महिन्यात. अशा वेळी १४ दिवस थांबायचं नसतं. अफवेच्या पहिल्या तासात ठाण्याच्या हद्दीतल्या पोलीस पाटलांना, सरपंचांना, बाजार समितीला, एसटी स्टँडला खरी माहिती गेली पाहिजे, आणि ती तिथल्या बोलीत गेली पाहिजे. व्हिडिओ जुना असेल, दुसऱ्या देशातला असेल, तर मूळ कुठला ते दाखवणारा खुलासा त्याच ग्रुपवर टाकायचा. कुणाची तरी थट्टा करणाऱ्या स्टेटसमागे ठाण्याचं अर्धं मनुष्यबळ लागतं, आणि राईनपाड्यासारखी अफवा शांतपणे फिरत राहते, कारण तिच्याविरुद्ध मोर्चा घेऊन कुणी येत नाही.

बायकांच्या तक्रारींचंही तसंच. मॉर्फ केलेला फोटो, बनावट खातं, पाठलाग, अश्लील मेसेज: इथे आयटी कायद्याचं ६७, ६६ क, न्याय संहितेचं ७८, ७९ सरळ लागतं. पण ती मुलगी एकटी किंवा आईला घेऊन आलेली असते, तिच्यामागे जमाव नसतो. तिला सांगितलं जातं, "जिल्ह्याला सायबरला जा." हे चूक आहे. दखलपात्र गुन्हा कुठल्याही ठाण्याने नोंदवायचा असतो, हद्द नसेल तर शून्य क्रमांकाने, आणि ७८-७९ ची फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते. नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, त्यानंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(३) खाली दंडाधिकाऱ्याकडे.

ज्याला ठाण्यातून फोन येतो त्याच्यासाठी. फोनवर "जरा येऊन जा" म्हटलं तर नम्रपणे नोटीस मागा, गायब मात्र होऊ नका. पोस्ट पुसू नका, तिचा पूर्ण संदर्भ स्वतःकडे जतन करा. गुन्हा नोंदवलाय का ते विचारा. एफआयआरची प्रत २४ तासांत पोलिसांच्या वेबसाइटवर यायला हवी, संवेदनशील गुन्हे सोडून. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. एकाच पोस्टवर जामनेरला एक, शिरपूरला एक, शहाद्याला एक असे गुन्हे पडले, तर ते एकत्र करण्यासाठी किंवा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जायचं. तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात.

शेवटचा टप्पा दोन्ही बाजूंच्या लक्षात नसतो. १९६ आणि २९९ च्या खटल्याची दखल घ्यायला कोर्टाला सरकारची पूर्वमंजुरी लागते, ३५३(२) ला जिल्हा दंडाधिकाऱ्याचीही चालते. मंजुरीचा प्रस्ताव अधीक्षक कार्यालयातून जातो आणि तिथून पुढे फाइल सरकते. मंजुरीशिवाय दोषारोपपत्र गेलं तर खटला उभाच राहत नाही. आरोपीच्या वकिलाने दोषारोपपत्राची प्रत हातात पडताच मंजुरीचा आदेश जोडला आहे का, त्यावर तारीख कोणती आहे आणि त्यात पोस्टचा मजकूर खरोखर वाचल्याचं दिसतं का, हे पाहावं. फिर्यादीनेही प्रस्ताव कुठल्या तारखेला, कुठल्या जावक क्रमांकाने गेला, ते अधीक्षक कार्यालयात लेखी विचारावं.